रोजच्या गाडीला सुपरचार्जर कोणता? आधी गिअरचं बोलू

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०१७ची सुबारू बीआरझेड, सहा गिअरची मॅन्युअल. राहणं टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या उत्तरेला राउंड रॉकमध्ये, कामासाठी रोज जाऊन-येऊन पन्नास मैल, त्यातले बरेचसे आय-३५ हायवेवर. महिन्या-दोन महिन्यांतून एखाद्या रविवारी हिल कंट्रीतली वळणं. २०५ घोडाशक्तीच्या २८० करायच्या आहेत, पण ॲव्हरेज पडता कामा नये. तर सुपरचार्जर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर चालणारा आणि इंजिनात जादा हवा कोंबणारा पंप, घ्यायचा तो कोणत्या जातीचा: रूट्स, ट्विन स्क्रू की सेंट्रिफ्युगल?

उत्तर आधी सांगतो, कारणं मागाहून. ईटन कंपनीचे टीव्हीएस रोटर असलेला, म्हणजे सुधारलेल्या रूट्स जातीचा सुपरचार्जर घ्या. दाब ६ पीएसआयच्या (चौरस इंचामागे पौंड) पुढे नेऊ नका. २८० हा आकडा डोक्यातून काढा. २५५-२६० वर थांबलात तर इंजिनही टिकेल आणि ॲव्हरेजही. आणि किटच्या पैशांतले थोडे बाजूला ठेवून मागचा डिफरन्शिअल, म्हणजे चाकांआधीचा शेवटचा गिअर, बदला. हे शेवटचं वाचून कपाळाला आठी पडली असेल, पण तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर तिथेच आहे. गाडी किती कमी आरपीएमवर कुरकुर न करता ओढेल, हे सुपरचार्जरच्या जातीवर ठरतं. आणि हायवेवर पेट्रोल किती जळेल, हे त्या आरपीएमवर.

मी आधी पुण्यात इंजिनाच्या टेस्ट सेलवर आणि नंतर इकडे मिशिगनमध्ये कॅलिब्रेशनवर, मिळून पंचवीस वर्षं इंजिनांना जबरदस्तीने हवा पाजतोय. 'सगळ्यात जास्त पॉवर कशात?' हे रोज ऐकतो. 'ॲव्हरेज पडू नये' म्हणणारं गिऱ्हाईक क्वचित भेटतं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गावाकडचे दोन पंप आठवा. एक हातपंप, दुसरा विहिरीवरची मोनोब्लॉक मोटर. हातपंपाचा दांडा हळू मारा की जोरात, प्रत्येक दांड्याला ठरलेलं पाणी वर येतंच. मोनोब्लॉकचं तसं नाही. तिच्यात पाणी गरगर फिरवून बाहेर फेकणारी चकती असते, आणि फिरण्याचा वेग थोडा उतरला की पाणी चढण्याची उंची भराभर कमी होते. व्होल्टेज पडलेल्या संध्याकाळी मोटर घूं घूं करत राहते आणि वरच्या टाकीत थेंब पडत नाही, हे कुणी पाहिलं नाही? कारण चकतीच्या पंपाचा दाब वेगाच्या वर्गाच्या हिशोबाने वाढतो. वेग निम्मा, तर दाब पाव.

रूट्स आणि ट्विन स्क्रू हे हातपंपाच्या घराण्यातले, सेंट्रिफ्युगल हा मोनोब्लॉकच्या.

आता हे तुमच्या इंजिनाला लावा. समजा सेंट्रिफ्युगलची पुली अशी निवडली की ७,४०० आरपीएमला, म्हणजे लाल रेषेला, ९ पीएसआय दाब मिळावा. वर्गाचा हिशोब लावला तर ४,००० आरपीएमला हाती उरतात अडीच-पावणेतीन पीएसआय आणि ३,००० ला जेमतेम दीड. टीव्हीएसला ६ पीएसआयची पुली लावली तर २,००० च्या थोडं पुढे गेल्यावरच जवळजवळ पूर्ण दाब हजर, आणि तो वरपर्यंत तसाच. तुमच्या एफए-२० इंजिनाचा जुना आजार तुम्हाला ठाऊक असेलच: साडेतीन ते साडेचार हजारांच्या दरम्यान टॉर्क, म्हणजे ओढण्याचा जोर, खड्ड्यात जातो. गाडी तिथे दम खाते, मग पुन्हा उठते. सेंट्रिफ्युगल हा खड्डा फारसा भरत नाही, त्याच्या पलीकडे डोंगर उभा करतो. आलेखावर डोंगर छान दिसतो. राउंड रॉकहून ऑफिसला जाताना तुम्ही रोज गाडी चालवता ती मात्र खड्ड्यात.

मग सगळेच रूट्स का घेत नाहीत? कारण रूट्सची बदनामी झाली ती उष्णतेमुळे, आणि ती अगदीच खोटी नाही.

हे यंत्र मुळात गाडीसाठी नव्हतंच. इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावच्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी १८६० मध्ये त्याचं पेटंट घेतलं, आणि ते चाललं ओतशाळांच्या भट्टीला वारा घालायला. लोहाराचा भाता, फक्त न थांबणारा. आपल्याकडे सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीपाशी जो ट्विन लोब ब्लोअर घोंघावत असतो, तो ह्याच भावांचा वारसा. भात्याला हवा दाबायची नसते, फक्त ढकलायची असते. रूट्सही हवा आत दाबत नाही. लोबच्या आणि भिंतीच्या मधल्या पोकळीत हवा पकडतो आणि पलीकडे नेऊन सोडतो. पलीकडे मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांत, दाब जास्त असल्यामुळे तिथली हवा आधी उलटी घुसते आणि मग दोन्ही मिळून बाहेर जातात. ह्या धक्काबुक्कीत काम वाया जातं आणि हवा तापते.

किती तापते? टेक्सासच्या उन्हाळ्यात गाडीने ३५ अंशांची हवा ओढली आणि दाब दीडपट केला, तर शंभर टक्के कार्यक्षम यंत्रातून ती ७३ अंशांना बाहेर पडेल. असं यंत्र अस्तित्वात नाही. ५५ टक्क्यांच्या जुन्या रूट्समधून ती १०४ अंशांना येते. ७० टक्क्यांच्या टीव्हीएसमधून ८९ ला. ७५ टक्क्यांच्या सेंट्रिफ्युगलमधून ८५-८६ ला. हे आकडे दोनदा वाचा. सेंट्रिफ्युगल आणि जुना रूट्स यांच्यात एकोणीस अंशांची दरी होती. टीव्हीएस आल्यावर ती चार अंशांवर आली. लोक अजून पहिल्या दरीवरून भांडतात.

हा बदल रोटरच्या आकारातून झाला. ईटनच्या जुन्या एम मालिकेत, म्हणजे पहिल्या नव्या मिनी कूपर एसमधला एम-४५ किंवा ब्यूकच्या ३८०० इंजिनावरचा एम-९०, रोटरला तीन लोब आणि ६० अंशांचा पीळ असे. टीव्हीएसमध्ये चार लोब आणि १६० अंशांचा पीळ आहे. पीळ वाढल्यामुळे हवा आत घ्यायला आणि बाहेर सोडायला जास्त सवड मिळते आणि ती उलटी धक्काबुक्की सौम्य होते. २००९ च्या कॉर्व्हेट झेडआर-१ च्या ६.२ लिटर इंजिनावर ह्याच जातीचा मोठा भाऊ बसला आणि ६३८ घोडाशक्ती देऊनही गाडी शहरात गरीब गाईसारखी चालली. पुढे ऑडीचं ३.० टीएफएसआय (नावात टी असला तरी त्यात टर्बो नाही), जॅग्वार-लँड रोव्हरची व्ही-६ आणि व्ही-८ इंजिनं, लोटस एक्झीज, सगळीकडे हेच रोटर.

ट्विन स्क्रूबद्दल थोडक्यात. स्वीडनच्या आल्फ लिशोल्मने १९३० च्या दशकात तो घडवला. त्यात दोन स्क्रू एकमेकांत फिरताना मधली जागा अरुंद होत जाते, त्यामुळे हवा आतच दाबली जाते. चाकण-भोसरीच्या कारखान्यांतला स्क्रू कॉम्प्रेसर तो हाच. दाब दुप्पट किंवा त्याहून जास्त हवा असेल तर तो रूट्सला मागे टाकतो. तुमच्या ६ पीएसआयला ही मात काही उपयोगाची नाही, आणि एक तोटा पदरात पडतो: बायपास (हवेला परतीची वाट देणारा व्हॉल्व्ह) उघडा असला तरी हा बिचारा आतल्या आत हवा दाबतच राहतो. क्रूझला, म्हणजे हायवेवर एकाच वेगाने जाताना, त्याची थोडी फुकटची मेहनत चालू असते. आवाजही पिठाच्या गिरणीसारखा. काहींना तो आवडतो. रोज पन्नास मैल ऐकून बघा.

आता बायपासकडे येऊ, कारण ॲव्हरेजचा अर्धा खेळ तिथे आहे.

तुमची गाडी सपाट रस्त्यावर ताशी ६५ मैलांना धावताना हवेचा आणि टायरचा रोध मिळून इंजिनाकडून मागते फक्त सतरा-अठरा घोडाशक्ती. दोनशे पाचांतल्या सतरा! बाकीच्या एकशे अठ्ठ्याऐंशी झोपलेल्या असतात. ह्या वेळी सुपरचार्जरने स्वतःसाठी दोन घोडाशक्ती खाल्ल्या तर दहा टक्के पेट्रोल गेलंच म्हणून समजा. म्हणून रूट्सला बायपास व्हॉल्व्ह असतो. थ्रॉटल थोडाच उघडा असला की मॅनिफोल्डमध्ये निर्वात तयार होतो, तो एका डायफ्रॅमला ओढतो, व्हॉल्व्ह उघडतो आणि रोटरच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. रोटर मोकळे फिरतात, एका घोडाशक्तीपेक्षा कमीत. पाय दाबलात की निर्वात संपतो, स्प्रिंग व्हॉल्व्ह मिटवते आणि दाब येतो. सगळं क्षणार्धात, कसलाही संगणक न लागता.

ह्या छोट्या भागाने मला एकदा दोन दिवस नाचवलं होतं. एका ओळखीच्या गृहस्थांनी किट बसवून घेतलं आणि तक्रार आणली की हायवेचं ॲव्हरेज २८ मैलांवरून २२ वर आलं. आम्ही ट्यून (इंजिनाच्या संगणकातली पेट्रोल आणि ठिणगीची मांडणी) तपासलं, इंजेक्टर तपासले, ऑक्सिजन सेन्सर बदलला. शेवटी लक्षात आलं की ६५ च्या क्रूझलाही सुपरचार्जर किंचित शीळ घालतोय आणि आत जाणारी हवा नको तितकी गरम आहे. बसवणाऱ्याने बायपासच्या डायफ्रॅमची रबरी नळी एका धारदार ब्रॅकेटवरून नेली होती. ती चिरली, निर्वात पोचेना, आणि व्हॉल्व्ह कायमचा बंद. नळीची किंमत तीन डॉलर. तेव्हापासून कुठलंही किट बसलं की मी आधी बॉनेट उघडून, इंजिन आयडलवर ठेवून, बायपासची दांडी मागे ओढली गेली आहे का ते पाहतो. तुम्हीही पाहा.

म्हणजे क्रूझचा तोटा आपण एक-दोन टक्क्यांवर आणला. तो भरून काढायचा, तर गिअर.

ह्याचा पुरावा तुमच्याच गाडीच्या इतिहासात आहे. २०१३ ची बीआरझेड मॅन्युअलमध्ये ईपीए या अमेरिकी सरकारी संस्थेच्या आकड्यांनुसार हायवेला गॅलनमागे ३० मैल देते आणि ऑटोमॅटिकमध्ये ३४. आपल्या भाषेत लिटरला पावणेतेरा आणि साडेचौदा किलोमीटर. इंजिन तेच, डिफरन्शिअल दोन्हींचा ४.१. फरक सहाव्या गिअरचा: मॅन्युअलचा ०.७६७, ऑटोमॅटिकचा ०.५८२. हे आकडे लहान तितकं त्याच वेगाला इंजिन कमी फिरतं. ताशी ६५ मैलांना मॅन्युअल २,८०० च्या आसपास फिरते, ऑटोमॅटिक २,१५० ला. सगळं श्रेय गिअरचं नाही, पण मोठा वाटा त्याचाच. मग २०१७ मध्ये मॅन्युअलला पाच घोडाशक्ती जास्त मिळाल्या आणि गाडी चपळ वाटावी म्हणून डिफरन्शिअल ४.३ चा केला. हायवेचा आकडा ३० वरून २९ झाला. तुमची गाडी तीच.

आता विचार करा. कंपनीने ४.३ का दिला? इंजिनाला खाली दम नाही म्हणून. टीव्हीएस बसवल्यावर अडीच हजारांपासून तीसेक टक्के जास्त टॉर्क येतो. मग ह्या कुबडीची गरज राहत नाही. २०१३ ते २०१६ च्या मॅन्युअल गाडीचा ४.१ चा डिफरन्शिअल भंगारवाड्यातून आणा, तो तुमच्या गाडीत बसतो. क्रूझला दीडशे आरपीएम कमी होतात, जो एक मैल गेला होता तो परत येतो, आणि सुपरचार्जरने क्रूझला खाल्लेले एक-दोन टक्के फिटतात. ओव्हरटेक करताना सहाव्यातून चौथ्यात यायचीही गरज नाही, कारण २,८०० ला दाब हजर आहे. सेंट्रिफ्युगलला हे जमत नाही. २,८०० ला त्याच्याकडे सव्वा पीएसआय असतो. त्याला जागं करायचं तर गिअर उतरवावाच लागतो, आणि तो असलेली माणसं ४.१ वरून ४.३ कडे जातात, उलटं नाही.

इथे एक ब्रेक लावतो. कमी आरपीएमवर जोरात ओढता येतं म्हणून १,५०० ला सहाव्यात पाय पूर्ण दाबू नका. तुमच्या इंजिनाचं कॉम्प्रेशन १२.५ ला १ आहे, पेट्रोल थेट सिलिंडरमध्येही सोडलं जातं आणि वरून आपण हवा कोंबतोय. अशा इंजिनात कमी वेगाला, जड भाराखाली, ठिणगी पडण्याआधीच मिश्रण पेट घेण्याचा धोका असतो, आणि तो एकच ठोका पिस्टनची कड मोडू शकतो. ट्यूनरला सांगा की २,००० च्या खाली थ्रॉटलला लगाम घाल. तेल एपीआय एसपी दर्जाचं वापरा, ते ह्याच धोक्याला धरून तपासलेलं असतं. टाकीत ९३ ऑक्टेनच. ई-८५ वर (बहुतांश इथेनॉल असलेलं इंधन) ताकद झकास मिळते, पण लिटरमागे ऊर्जा कमी असल्यामुळे ॲव्हरेजचं नाव काढायचं नाही.

२८० का नको, ते आता. ६ पीएसआयला दाब १.४ पट होतो. इंटरकूलरनंतरही (दाबलेली हवा थंड करणारा रेडिएटर) हवा बाहेरच्यापेक्षा वीसेक अंश गरम राहील, म्हणजे घनता १.३ पटीच्या जरा वर. २०५ चे होतात २७०. त्यातून पट्ट्यामार्फत सुपरचार्जर खातो बारा-पंधरा, आणि ठोका टाळायला ठिणगी जरा उशिरा. हाती २५५-२६०. टॉर्क १५६ चा २०० पौंड-फूटांच्या आसपास. २८० गाठायला ९ पीएसआय लागतील, हवा आणखी तापेल, ट्यूनर ठिणगी आणखी मागे खेचेल आणि तुम्ही जास्त दाब देऊन जास्त उष्णता विकत घ्याल. ह्या इंजिनात आधी वाकतो तो कनेक्टिंग रॉड, आणि त्याला मारतो टॉर्क, विशेषतः मधल्या आरपीएमचा. ज्यांना मोठा आकडा हवाच असतो त्यांनी सेंट्रिफ्युगल घ्यावा, त्यात शहाणपण आहे: त्याची ताकद वरच्या टोकाला येते, जिथे टॉर्क आटोक्यात असतो, त्यामुळे रॉडला त्रास कमी. फक्त ते रोजच्या पन्नास मैलांचं शहाणपण नव्हे.

त्यांच्यासाठी डेन्मार्कचा रोट्रेक्स हे सुंदर यंत्र आहे. दातेरी गिअरऐवजी गुळगुळीत रोलरच्या घर्षणावर चालतो, चकती लाखभर आरपीएमपर्यंत जाते, आवाज जवळजवळ नाही. त्याचं स्वतःचं वेगळं तेल, वेगळा कूलर, ते वेळच्या वेळी बदलायचं. महिन्यातून दोनदा ट्रॅकवर जात असता तर मी तुम्हाला हाच सुचवला असता, कारण त्याच्या पुढच्या हवेवर थंड होणाऱ्या इंटरकूलरला सलग वीस मिनिटं झेपतात. टीव्हीएस इंजिनाच्या डोक्यावर बसतो, खालून शेकतो, आणि त्याचा पाण्याचा इंटरकूलर ऑगस्टमधल्या आय-३५ च्या तुंबलेल्या रहदारीत दमतो. म्हणून किटबरोबर येणाऱ्या रेडिएटरपेक्षा एक माप मोठा हीट एक्स्चेंजर आणि चांगला पाण्याचा पंप घ्या. इथे पैसे वाचवू नका, पुलीत वाचवा.

ॲव्हरेजसाठी सुपरचार्जर ही कल्पना विचित्र वाटत असेल तर मोठ्या कंपन्यांनी काय केलं ते पाहा. निस्सानने २०११ मध्ये युरोपातल्या मायक्राला १.२ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन दिलं: कॉम्प्रेशन १३, मिलर सायकल (झडपेची वेळ बदलून हवा दाबण्याचं काम वाचवणारी पद्धत), वर ईटनचा छोटा सुपरचार्जर आणि त्याला क्लच, जो गरज नसताना पट्ट्याचा भार तोडून टाकतो. ९८ घोडाशक्ती आणि किलोमीटरमागे ९५ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. माझदाने त्याआधी १९९० च्या दशकात मिलर सायकलच्या २.३ लिटर व्ही-६ ला लिशोल्मचा स्क्रू लावला होता, आणि २०१९ च्या स्कायॲक्टिव्ह-एक्समध्ये रूट्स लावला तो ताकदीसाठी नव्हे, तर पातळ मिश्रण जाळायला लागणारी जादा हवा पुरवण्यासाठी. सगळी हातपंपाच्या घराण्यातली. कारण त्यांना हवा हवी होती ती खाली, १,५००-३,००० मध्ये, जिथे माणूस खरोखर गाडी चालवतो.

अपवाद विजेच्या सुपरचार्जरचा. ऑडीने २०१६ च्या एसक्यू-७ मध्ये तो लावला, आणि तो चकतीचा आहे. पण त्याचा वेग इंजिनाला बांधलेला नाही. मोटर त्याला पाव सेकंदात सत्तर हजारांवर नेते, त्यामुळे वर्गाचा शाप लागत नाही. त्यासाठी ४८ व्होल्टची वेगळी यंत्रणा आणि ७ किलोवॅट लागतात. तुमच्या इंजिनाला ९ पीएसआयच्या हिशोबाने साधारण ११ किलोवॅट लागतील. १२ व्होल्टच्या बॅटरीतून हे ओढायचं म्हणजे नऊशे अँपिअर. ऑनलाइन दीडशे डॉलरला 'इलेक्ट्रिक सुपरचार्जर' म्हणून जे विकतात तो बहुतेक वेळा नावेच्या तळातली पेट्रोलची वाफ बाहेर काढायच्या पंख्यासारखाच असतो, हे आता तुमचं तुम्हाला कळेल.

टर्बो का नाही, असं तुम्ही विचारलेलं नाही, आणि मी फार ताणणार नाही. निव्वळ पेट्रोलच्या हिशोबाने टर्बो सरस आहे, कारण तो वाया जाणाऱ्या धुरातून ताकद घेतो; म्हणूनच बहुतेक कंपन्या तिकडे गेल्या. पण तुमच्या गाडीत तो बसवायचा म्हणजे एक्झॉस्ट, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, तेलाच्या नळ्या, सगळ्यात हात घालावा लागतो. सुपरचार्जर त्या बाजूला बोटही लावत नाही, आणि उत्सर्जन चाचणीच्या दृष्टीने हे सोयीचं.

चाचणीवरून आठवलं. तुमच्या विल्यमसन काउंटीत आणि शेजारच्या ट्रॅव्हिसमध्ये ती द्यावी लागते. किट निवडताना कॅलिफोर्नियाच्या एआरबी या हवा-प्रदूषण मंडळाचा एक्झिक्युटिव्ह ऑर्डर क्रमांक असलेलंच घ्या, तुम्ही टेक्सासमध्ये असलात तरी. तो क्रमांक असला की हा बदल धूर वाढवत नाही याचा कागद हाती राहतो. पुली मात्र त्या क्रमांकात लिहिलेलीच ठेवायची. लहान पुली लावलीत की कागद संपला. आणि पुण्या-मुंबईहून हे वाचून कुणी हुरळून जाऊ नये. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि जानेवारी २०१९ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनंतर आपल्याकडे कंपनीच्या मूळ तपशिलात असा बदल करून गाडी रस्त्यावर आणता येत नाही. ज्यांना तिथे सुपरचार्जर हवा आहे त्यांनी तो कारखान्यातूनच बसून आलेली गाडी घ्यावी.

पैसे द्यायच्या आधी एक काम करा. वीसेक डॉलरचा ओबीडी डोंगल (गाडीच्या संगणकातले आकडे वाचणारं छोटं यंत्र) लावा आणि दोन आठवडे ऑफिसच्या ये-जा चा लॉग ठेवा: आरपीएम, थ्रॉटल, मॅनिफोल्डचा दाब, आत येणाऱ्या हवेचं तापमान. मग बघा, ४,५०० च्या वर तुम्ही एकूण किती मिनिटं होता. माझा अंदाज आहे की दोन आठवड्यांत मिळून ती मिनिटं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. पाचाहून जास्त निघाली तर माझं सगळं बोलणं बाजूला ठेवून रोट्रेक्सचा विचार करा. कमी निघाली तर तो लॉग ट्यूनरला द्या आणि १,८०० ते ३,२०० च्या पट्ट्यात, अर्ध्या थ्रॉटलला, मिश्रण मूळ गाडीइतकंच पातळ ठेवायला सांगा. बहुतेक ट्यूनर फक्त पूर्ण थ्रॉटलचा रकाना घासूनपुसून देतात आणि बाकीचा तक्ता किटबरोबर आलेला तसाच सोडतात. तुमचं पेट्रोल त्या बाकीच्या तक्त्यात जळणार आहे. डिफरन्शिअल उतरवाल तेव्हा मागच्या ॲक्सलचे ऑइल सीलही बदलून घ्या, खोलून झालेलंच असतं.